पेटीवरची संत्री आणि एरंडाचे कुंपण

लॉस एंजेलिस येथील स्कर्बॉल सांस्कृतिक केंद्रात २०१६ साली बेन साकोगुची या चित्रकाराच्या शंभरावर छोट्या चित्रांचे प्रदर्शन भरले होते. त्याच्या शीर्षकातच 'बेसबॉलचा अनधिकृत इतिहास' असे शब्द होते. ज्या खेळाच्या कथा अमेरिकेत पुराणकथांच्या भक्तिभावाने सांगितल्या जातात, त्याच्यासंबंधी 'अनधिकृत' हे विशेषण किती जबाबदारीने वापरले आहे, हे त्या खेळाची जुनी कागदपत्रे चाळल्यावरच कळते.

साकोगुची यांनी या चित्रांसाठी निवडलेले रूप संत्र्यांच्या पेटीवरील लेबलाचे आहे. कॅलिफोर्नियातील बागाईतदार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लाकडी पेट्यांमधून संत्री देशभर पाठवीत आणि पेटीच्या तोंडावर साधारण दहा इंच बाय अकरा इंचांचे रंगीत छापील लेबल चिकटवीत. १९५०च्या दशकात पुठ्ठ्याची खोकी आली आणि ही लेबले इतिहासजमा झाली. निळे डोंगर, लखलखीत ऊन आणि रसरशीत फळ दाखवणाऱ्या त्या लेबलावर बागेत राबणाऱ्या मजुराच्या कष्टांना जागा नसे. साकोगुची तेच आकारमान, तीच ठळक अक्षरे आणि तेच संत्रे घेतात, पण भोवती वर्णद्वेष, युद्ध, लोभ अशी लेबलाने झाकलेली दुनिया रंगवतात. ही निवड केवळ चमत्कृतीसाठी केलेली नाही, कारण बेसबॉलचा क्रूरपणाही बहुतेक वेळा सभ्य वेष्टनातच वावरला आहे.

या खेळातील उघड हिंसा आणि लबाडी सर्वश्रुत आहे. १९२० साली क्लीव्हलँडचा रे चॅपमन डोक्याला चेंडू लागून मरण पावला, आणि १९१९ची अंतिम मालिका पैसे घेऊन हरल्याच्या आरोपावरून शिकागोच्या आठ खेळाडूंना कायमचे बाहेर काढण्यात आले, यावर विपुल लिहिले गेले आहे. त्या मानाने १८६७ सालच्या एका कागदाकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. बेसबॉल क्लबांच्या तत्कालीन राष्ट्रीय संघटनेच्या समितीने त्या डिसेंबरात फिलाडेल्फियाच्या अधिवेशनापुढे अहवाल ठेवला आणि ज्या क्लबात एक जरी कृष्णवर्णीय असेल त्याला सदस्यत्व देऊ नये, अशी शिफारस केली. तिचे समर्थन असे होते की, त्यांना घेतले तर मतभेद माजतील आणि वगळले तर कोणाचेच नुकसान होणार नाही. ज्यांना वगळायचे ते या 'कोणाच्याच' हिशेबात नव्हते, आणि या एका वाक्यात पुढच्या ८० वर्षांचे बीज आहे. पुढे व्यावसायिक लीगांचे वरिष्ठ वर्तुळ कृष्णवर्णीयांना बंद झाले, ते लेखी नियमापेक्षा मालकांच्या मूक समजुतीने, आणि १९४७ साली जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरेपर्यंत बंदच राहिले.

साकोगुची यांचे स्वतःचे बालपण अशाच एका कागदाने विस्कटले होते. १९३८ साली कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे जन्मलेला हा मुलगा जेमतेम चार वर्षांचा असताना, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या १९ फेब्रुवारी १९४२च्या ९०६६ क्रमांकाच्या आदेशाने पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरेदारे सोडून काटेरी तारांच्या छावण्यांत जावे लागले. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश लोक जन्माने अमेरिकन नागरिक होते. साकोगुची कुटुंब ॲरिझोनातील पोस्टन येथे होते. पोस्टन आणि त्याच राज्यातील गिला रिव्हर, या दोन्ही छावण्या अमेरिकेच्या मूळ रहिवाशांसाठी राखीव असलेल्या जमिनींवर उभारलेल्या होत्या.

या छावण्यांमधील बेसबॉलचा सर्वांत समृद्ध वृत्तान्त गिला रिव्हरचा आहे, आणि त्याच्या केंद्रस्थानी केनिची झेनिमुरा आहेत. हिरोशिमात जन्मलेले, हवाईत वाढलेले आणि फ्रेस्नोत स्थायिक झालेले, जेमतेम पाच फूट उंचीचे हे गृहस्थ खेळाडू, प्रशिक्षक आणि संघटक अशा तिन्ही नात्यांनी या खेळाशी बांधलेले होते. १९२७ साली बेब रूथ आणि लू गेरिग हे त्या काळचे सर्वांत नामांकित फलंदाज फ्रेस्नोत प्रदर्शनी सामना खेळले, तेव्हा त्यांच्यासोबत काढलेल्या छायाचित्रात झेनिमुरा आहेत. छावणीत आल्यावर त्यांनी आपल्या बराकीजवळची झुडपे दोन मुलांच्या मदतीने उपटायला सुरुवात केली, आणि हळूहळू इतर लोक त्यांना येऊन मिळाले. फलंदाजामागे चेंडू अडवणारी जी चौकट लागते, तिच्यासाठी छावणीच्याच कुंपणाचे खांब एकाआड एक उपटून आणले गेले. धुलाईघराचे पाणी वळवून मैदान भिजवले गेले. आणि मैदानाच्या टोकाला भिंत हवी म्हणून एरंड लावण्यात आला. माणसांना कोंडण्यासाठी रोवलेले खांब खेळासाठी कामी आणणे, याहून नेमका निषेध दुसरा कोणता असू शकतो?

या मैदानावर हजारोंच्या गर्दीत सामने होत. १८ एप्रिल १९४५ रोजी ॲरिझोनाचा राज्यविजेता टुसॉन हायस्कूलचा संघ छावणीत येऊन खेळला, आणि बरोबरीमुळे दहाव्या डावापर्यंत लांबलेला तो सामना छावणीतील शाळेच्या मुलांनी ११–१० असा जिंकला. ज्या मुलांच्या राष्ट्रनिष्ठेवर सरकारचा विश्वास नव्हता, ती अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ त्याच देशाच्या पहारेकऱ्यांच्या नजरेखाली खेळत होती. म्हणूनच साकोगुची यांच्या चित्रांना निव्वळ टीकाचित्रे म्हणणे चूक ठरते. जो खेळ माणसांना वगळत आला, त्याच खेळाला वगळलेली माणसे किती जिवापाड जपत होती, ही वेदना त्या भडक रंगांच्या मुळाशी आहे.

झेनिमुरा यांची दोन्ही मुले पुढे जपानला जाऊन हिरोशिमा कार्प या व्यावसायिक संघातून खेळली. छावण्यांमधील हयात माणसांची अमेरिकन सरकारने कायद्याने माफी मागून प्रत्येकी २०,००० डॉलर भरपाई मंजूर केली ती १९८८ साली. केनिची झेनिमुरा १९६८ सालीच फ्रेस्नो येथे मोटार अपघातात मरण पावले होते.