दुकानातल्या वायफायचा पक्का पत्ता विकत मिळत नाही

बालाघाटात फोटो स्टुडिओ असो की झेरॉक्स-ऑनलाइनचं दुकान, फोनमधली फाइल शेजारच्या कॉम्प्युटरवर न्यायची तर ती वॉट्सॲपनेच जाते. टेबलाच्या या टोकाहून त्या टोकाला जाण्यासाठी दूरच्या सर्व्हरचा वळसा पडतो, आणि फोटो नेहमीसारखा पाठवला तर त्याचा दर्जाही वाटेत उतरतो. खरं तर दोन्ही यंत्रं एकाच वायफायवर असली, की कॉम्प्युटरवर एक फोल्डर शेअर करायचं आणि फोनच्या फाइल ॲपमध्ये १९२.१६८.१.२० असा त्याचा पत्ता टाकायचा. पण हा पत्ता उद्या बदलू शकतो, म्हणून तो पक्का करावा लागतो. तिथूनच गैरसमज सुरू होतात.

‘स्टॅटिक आयपी म्हणजे पक्का पत्ता इंटरनेट कंपनीकडून विकत घ्यावा लागतो.’ कंपनी दरमहा पैसे घेऊन देते तो बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता. दुकानाच्या आतले पत्ते फुकट असतात. १९२.१६८ ने सुरू होणारे, १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ मधले पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. म्हणून बालाघाटातल्या आणि गोंदियातल्या दोन दुकानांत एकच पत्ता असला तरी काही बिघडत नाही.

‘नेट बंद तर फाइलही बंद.’ नाही. फाइल राउटरच्या पलीकडे जातच नाही. वीज आणि राउटर चालू असले की पुरे, डेटाही खर्च होत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो तिसऱ्या समजुतीने: ‘कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये कुठलाही आकडा टाकला की झालं.’ राउटर आपल्याजवळच्या आकड्यांतून येईल त्या यंत्राला पत्ता देत असतो. समजा तो पत्त्याच्या शेवटी १०० ते १९९ हे आकडे वाटतो आणि तुम्ही कॉम्प्युटरला हाताने १०५ दिला. एखाद्या दिवशी तोच १०५ कुणाच्या फोनला मिळतो, दोघांची टक्कर होते आणि प्रिंटर, फोल्डर सगळं अडतं. हाताने द्यायचाच तर त्या टप्प्याबाहेरचा द्या, उदाहरणार्थ २०. त्याहून चांगलं म्हणजे राउटरच्या पानावर ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ करणं. तिथे यंत्राच्या मॅक ॲड्रेसपुढे, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकापुढे, आकडा लिहून ठेवला, की राउटर दरवेळी तोच देतो आणि कॉम्प्युटरला हात लावावा लागत नाही. लॅपटॉप असेल तर मी हाच मार्ग सांगेन, कारण विंडोजच्या जुन्या ॲडॉप्टर सेटिंगमध्ये टाकलेला पत्ता प्रत्येक वायफायला लागू होतो आणि दुसऱ्या गावी नेलेला लॅपटॉप तिथल्या नेटशी जुळत नाही.

फोनवरूनच इतरांना फाइली द्यायच्या म्हणून त्यालाही पक्का पत्ता हवा असेल तर एक मेख आहे. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन वायफायला खरा मॅक न दाखवता बनावट दाखवतो. म्हणून राउटरच्या यादीत दिसतो तोच मॅक नोंदवा. एरवी फोनला पक्का पत्ता लागतच नाही. ज्याच्याकडे इतर जण येतात, त्या एकाच कॉम्प्युटरला तो द्यावा.

वेगाचा आणि पक्क्या पत्त्याचा काही संबंध नाही. एक जीबीचा लग्नाचा व्हिडिओ प्रत्यक्षात ४० एमबीपीएस मिळाले तर सव्वातीन-साडेतीन मिनिटं घेईल, ३०० मिळाले तर अर्ध्या मिनिटाच्या आत जाईल. त्यासाठी ५ गिगाहर्ट्झचं वायफाय आणि राउटरची जवळीक हवी.

‘पत्ता खासगी, म्हणजे फोल्डर सुरक्षित’ हा समज मात्र धोक्याचा आहे. बाहेरचा माणूस त्या पत्त्यावर थेट येऊ शकत नाही, पण तुमच्या वायफायवरचा प्रत्येक जण येऊ शकतो. लोकांचे आधार आणि सातबारा, खसऱ्याचे कागद त्या फोल्डरमध्ये असतात. तेव्हा ‘एव्हरीवन’ला परवानगी देऊ नका, पासवर्ड ठेवा. गिऱ्हाइकाला वायफाय द्यायचंच तर गेस्ट नेटवर्क द्या आणि त्याची फाइल क्विक शेअरने किंवा केबलने घ्या. एखादं जुनं ॲप फोल्डर शेअर करण्याची जुनी पद्धत ‘एसएमबी १’ चालू करायला सांगेल, ते करू नका: मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस त्याच जुन्या वाटेने जगभर पसरला होता. आणि घरून फोल्डर उघडता यावं म्हणून राउटरवर फोल्डर शेअरिंगचा ४४५ नंबरचा पोर्ट तर कधीच उघडू नका.