न खाजणारा चट्टा

बल्लारशाहून वर्ध्याकडच्या गाडीत बसलं की चंद्रपूर, भांदक मागे पडतं आणि वरोरा येतं. बाबा आमटेंचं आनंदवन इथलंच, 1949 चं. कुष्ठरोग म्हटलं की लोकांना आनंदवन आठवतं. मी पडलो जंतूंचा वेडा, मला आधी तो जंतूच आठवतो.

नॉर्वेच्या हॅन्सनने तो 1873 मध्ये पाहिला. आजवर प्रयोगशाळेच्या बशीत तो कुणालाच वाढवता आलेला नाही. एकाचे दोन व्हायला याला जवळपास दोन आठवडे लागतात, ई. कोलाय नावाचा जंतू तेच काम वीस मिनिटांत उरकतो! म्हणून तर लागणीनंतर चट्टा दिसायला वर्षंच्या वर्षं जातात.

मग ओळखायचा कसा? कानाच्या पाळीला बारीक छेद देऊन खरवडतात, काचपट्टीवर पसरून लाल रंग देतात आणि आम्लाने धुतात. बाकी सगळ्याचा रंग उतरतो, याचा नाही. मग निळा रंग दिला की निळ्या पार्श्वभूमीवर लाल दांडके दिसतात, बिडीच्या कट्ट्यासारखे एकगठ्ठा. चट्टे मोजकेच असले तर काचपट्टी बहुधा कोरी निघते. तिथे चट्टा तपासणारी डॉक्टरांची बोटंच कामाची.

औषधं रिफाम्पिसिन, डॅप्सोन, क्लोफाझिमिन. 6 किंवा 12 महिने. लघवी लाल होते, कातडी काळवंडते. घाबरून गोळ्या सोडू नका.

घरात कुणाला फिकट, न खाजणारा, टोचलेलं न कळणारा चट्टा असेल तर मलम चोळत बसू नका. सरकारी दवाखान्यात दाखवा, गोळ्या फुकट मिळतात.