गायरान राखायचं, तर शेळीवाल्याला आधी विचारा



आपल्या धाराशिव जिल्ह्यात भूम, वाशी, तुळजापूर या भागांत बालाघाटाचे डोंगर आहेत. ठिकठिकाणी ते बोडके झाले आहेत. पावसाचं पाणी तिथं ठरत नाही, माती घेऊन ओढ्याला लागतं, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला विहिरी तळ गाठतात. २०१६ साली शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपण पाहिलंच आहे.

डोंगर बोडका का होतो? गवताचा फुटवा वर आला की लगेच खुडला जातो, म्हणून मूळ खोल जात नाही. वर खुरांनी जमीन दाबली जाते. अशा जमिनीत पाणी मुरणार कसं? यावर गावाच्या हातातला उपाय म्हणजे गायरानावर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी.

चराईबंदी म्हणजे चारा बंद, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला जनावर डोंगरावर सोडत नाहीत. माणूस विळा घेऊन जातो आणि गवत कापून आणतो. पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले, त्यानंतर हे काम उभं राहिलं. चारा वाढला तसं गावाचं दूधही कितीतरी पटींनी वाढलं.

मात्र आपल्याकडे एक अडचण वेगळी आहे. आपली उस्मानाबादी शेळी. एकावेळी दोन करडं देणारं हे जनावर भूमिहीन घराचा आधार आहे. मी काम केलेल्या एका गावात ठराव झाला, फलक लागला, नारळही फुटला. शेळीवाल्यांना कोणी विचारलंच नव्हतं. दोन महिन्यांत रात्रीची चराई सुरू झाली आणि रोपं गेली. दोष त्यांना कसा द्यावा? त्यांच्या चुलीचा प्रश्न होता.

म्हणून सगळं गायरान एकदम बंद करू नका. तिसरा हिस्सा तीन वर्षं बंद ठेवा, बाकी चराईला मोकळा. तीन वर्षांनी दुसरा हिस्सा घ्या. शेळीला गवतापेक्षा पाला प्यारा. तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात बांधावर, परसात शेवरी लावा, म्हणजे दावणीला पाला मिळेल. बंद तुकड्यातलं गवत कापण्याचा पहिला हक्क ज्यांना जमीन नाही त्यांना द्या, आणि हे ग्रामसभेच्या ठरावात लिहूनच घ्या. तोंडी कबुली पुढच्या निवडणुकीपर्यंतच टिकते!

बंद तुकड्यावर माथ्यापासून खाली सलग समतल चर खोदावेत. ६० सें.मी. रुंद आणि ३० सें.मी. खोल असा १०० मीटर चर एका वेळी १८ हजार लिटर पाणी धरतो. माती उताराच्या बाजूला टाकावी आणि त्या भरावावर स्टायलो, मारवेल, पवना यांचं बी पेरावं. कडुनिंब, सीताफळ यांच्या बियाही टोकाव्यात. चर समपातळीत हवा. डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका; एका बाजूला उतरला तर पाणी तिकडेच धावतं आणि भराव फोडतं.

पहिल्या वर्षी बी झडू द्या, मग कापा. पुढं फुलोऱ्यात कापावं, म्हणजे चारा सकस मिळतो. कुसळी गवत मात्र त्याआधीच काढा. तिची कुसळं जनावराच्या तोंडात रुततात. उन्हाळ्यापूर्वी कडेचा दहा हात पट्टा गवत काढून मोकळा ठेवा, वणवा आत येणार नाही.

आणि हो, पहिली बैठक सकाळी अकराला ठेवू नका. त्या वेळी शेळीवाले डोंगरावर असतात. दिवेलागणीनंतर, शेळ्या वाड्यात आल्यावर ठेवा, आणि बोलावणं घरोघर जाऊन द्या.