चोळणे, रगडणे, चेपणे, तुडविणे

दिवसभर कापूस वेचून आलेली आई भिंतीला टेकून बसते आणि लेकराला म्हणते, "पाय चेप रे जरा." कळमेश्वरच्या परिसरात हे दृश्य नवे नाही. अंगमर्दनाच्या पद्धती म्हटल्या की दूरदेशीची नावे आठवतात. परंतु त्यांचा भेद आपल्या चार साध्या क्रियापदांत सामावला आहे, असे आम्हांस वाटते.

चोळताना तेल लागते. हात त्वचेवरून सरकतो, दाब बेताचा असतो. चरकसंहितेने अभ्यंगाचे महत्त्व सांगताना तेल पाजलेला घडा, चामडे आणि गाडीचा आस यांचा दाखला दिला आहे. युरोपातील 'स्वीडिश' मालिशीचा आरंभही अशा लांब हातानेच होतो.

रगडणे ही आखाड्याची रीत. पठ्ठे एकमेकांच्या मांड्या, पोटऱ्या व खांदे तळहाताने आणि कोपराने मळून काढतात. येथे दाब स्नायूच्या आत पोचतो.

चेपण्यास तेल नको, कपडे उतरविण्याचीही गरज नाही. एका जागी दाबावे, क्षणभर थांबावे, सोडावे. जपानी 'शिआत्सु' या शब्दाचा अर्थच बोटांचा दाब. तोकुजिरो नामिकोशी यांनी १९४० साली या विद्येची शाळा काढली. २०१९ साली युनेस्कोच्या वारसायादीत आलेल्या थाई मर्दनात दाबाला अंग ताणण्याची जोड असते.

तुडविण्यात पायाचा उपयोग. केरळात कळरीचे मर्दनकार वर बांधलेली दोरी धरून पायाने अंग रगडतात. दोरी शोभेची नव्हे. किती भार टाकावयाचा, हे तिच्यामुळे हाती राहते.

मग यांत श्रेष्ठ कोणती? आमच्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. थकल्या अंगाला चेपणे पुरते, कसलेल्या मल्लाला रगडणे सोसते. कंबरदुखीवरील मालिशीच्या २५ प्रयोगांचा आढावा २०१५ साली कोक्रेन संस्थेने प्रसिद्ध केला. त्यात थोड्या काळापुरता आराम दिसला, पण पुरावा कच्चाच ठरला. म्हणजे मालिश सुख देते. तिला सर्व रोगांवरील औषध समजू नये.

आणि काही ठिकाणी हात आवरलाच पाहिजे. एकच पोटरी अकस्मात सुजली, गरम झाली, दुखू लागली, तर ती चोळू नये. आत रक्ताची गुठळी असल्यास ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि प्राणावर बेतते. हाडे ठिसूळ झालेल्या म्हातारीची पाठ तुडवू नये. मधुमेहाने पाय बधिर झालेल्या माणसाला दाब अधिक झाल्याचे कळतही नाही. कंबरदुखीबरोबर पायांतील बळ गेले किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मालिशवाल्याकडे न जाता तत्काळ दवाखाना गाठावा.

आईचे पाय चेपणारे लेकरू मधूनमधून विचारते, "दुखतंय का?" चारही पद्धतींत हा प्रश्न विचारणारा हातच खरा जाणता होय.