ऐकून घेणे

आपल्या समाजव्यवस्थेने सांगण्याचा अधिकार काही जातींकडे ठेवला आणि निमूट ऐकण्याचे काम उरलेल्यांच्या माथी मारले. कचेरीतल्या बैठकीतही हीच वाटणी चालू राहते. म्हणून तिथे ‘ऐकून घेणे’ हा प्रश्न मी समतेचा मानतो.

मुंबईच्या कापड गिरण्यांचे उदाहरण घ्या. विणकाम खात्यात पगार चांगला. पण अस्पृश्यांना तिथे मज्जाव. कांडी बदलताना धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. एकजुटीच्या घोषणांत ही तक्रार विरून जाई. 1928 च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी ती पुढाऱ्यांपुढे ठेवली. 1938 च्या फेब्रुवारीत मनमाडच्या अस्पृश्य रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. मालक ऐकत नाही हे सर्वांना दिसते; शेजारचा कामगारही ऐकत नाही, हे त्यांनी दाखवले.

पुढे 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने 100 वा अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी मालक-कामगार समितीची तरतूद केली. कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नसावेत, असेही सांगितले. कायद्याने खुर्ची दिली. कान कोण देणार?

नांदेड-लातूरकडच्या अनेक बैठकांना मी बसलो आहे. हुद्द्याप्रमाणे सगळे बोलतात. शेवटी शिपायाला, सफाई कामगाराला ‘तुमचं काही?’ असे विचारतात, तेव्हा फाइली आवरणे चालू असते. पाण्याच्या एका बैठकीत व्हॉल्व्ह सोडणारा कामगार म्हणाला, “सायेब, मधल्या पेठेचा व्हॉल्व्ह आधी बंद केल्याबिगर टोकाच्या वस्तीला पाणी पोचत न्हाई.” त्याच्या बोलीला दोघे हसले. आठ दिवसांनी तेच अभियंत्याने सांगितले आणि इतिवृत्तात त्याच्या नावावर चढले. तोवर वस्तीतल्या बाया घागरी घेऊन वणवण फिरल्या. 2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या मुलखात न ऐकण्याची किंमत ही अशी मोजावी लागते.

यावर उपाय साधे आहेत. बोलण्याची सुरुवात खालच्या हुद्द्यापासून करावी. ऐकलेले पुन्हा सांगून ‘हेच म्हणणे ना?’ असे विचारावे. इतिवृत्तात बोलणाऱ्याचे नाव लिहावे आणि त्याच्या म्हणण्याचे काय झाले, ते पुढच्या बैठकीत सांगावे.

आणि हा नियम आधी आपल्या संघटनांनी पाळावा. रस्ता झाडणारी आपलीच बाई आपल्या सभेत मागे बसते. तिचे म्हणणे ठरावात येत नसेल, तर साहेबाकडे कान मागण्याचा आपल्याला काय अधिकार?