माकडाची गाठ आणि माणसाची गाठ

पाठीवर, खांद्यावर एखादी न दुखणारी गाठ येते. ‘चरबीची असेल’ म्हणून आपण ती अंगावर काढतो. कोणी बाहेरची बाधा सांगतो, कोणी पूर्वजन्मीचे भोग. बाबासाहेबांनी आपल्याला कारण शोधायला शिकवले. अशाच एका गाठीचे कारण शोधण्याचा धागा मिळाला तो एका माकडाकडून.

१९७१ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, घरी पाळलेल्या एका वूली माकडाच्या गाठीत संशोधकांना विषाणू सापडला. गाठ होती फायब्रोसार्कोमा, म्हणजे शरीरातील तंतुमय मऊ ऊतींचा कर्करोग. हे माकड दक्षिण अमेरिकेतले. त्याच्यासोबत आशियातला एक गिबन ठेवलेला होता आणि विषाणू बहुधा त्याच्याकडूनच आला. माणसाच्या हौसेपायी दोन खंडांतले दोन मुके जीव एका छताखाली कोंडले गेले, हेही विसरू नये.

या विषाणूत ‘सिस’ नावाचे जनुक होते. ते विषाणूचे स्वतःचे नव्हते, माकडाच्या पेशीतून उचललेले होते. १९८३ मध्ये सॅन दिएगोच्या रसेल डूलिटल यांनी संगणकात साठवलेल्या प्रथिनांच्या रचना ताडून पाहिल्या आणि ‘सिस’ जुळले ते पीडीजीएफ या प्रथिनाशी. लंडनमधील मायकेल वॉटरफिल्ड यांचा गटही त्याच वर्षी तिथेच पोचला. जखम झाली की रक्तातील प्लेटलेट्स हे प्रथिन सोडतात; ‘वाढा, जखम भरा’ असा निरोपच तो. जखम भरली की निरोप थांबतो. गाठीत तो थांबतच नाही!

माणसाच्या त्वचेत डीएफएसपी नावाची गाठ होते. जुन्या व्रणासारखी दिसते, सावकाश वाढते. तिच्यात १७ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे चुकीचे जोडले जातात आणि पीडीजीएफचे जनुक सतत चालू राहते. इथे विषाणूचा संबंध नाही, त्यामुळे ही गाठ संसर्गाने होत नाही. इमॅटिनिब हे औषध त्या निरोपाची पेशीवरची वाट अडवते. शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या रुग्णांसाठी अमेरिकेने २००६ मध्ये त्याला मान्यता दिली. रक्ताच्या एका कर्करोगावरही हेच औषध चालते. त्याच्या पेटंटचा नोव्हार्टिसचा दावा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला, म्हणून भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या चालू राहिल्या. गरीब रुग्णाच्या दृष्टीने हा निकाल शोधाइतकाच मोठा.

तरीही पहिला उपाय शस्त्रक्रियाच, आणि तीही भोवतालचा निरोगी भाग घेऊन. नुसती गाठ खरवडून काढली तर ती पुन्हा येते. म्हणून वाढत जाणारी, ५ सेंटीमीटरहून मोठी, खोलवर असलेली किंवा काढूनही परत आलेली गाठ घाईने कापून घेऊ नका. आधी बायोप्सी करा. तिचा रिपोर्ट आणि काचपट्ट्या जपून ठेवा. मोठ्या रुग्णालयात गेल्यावर पहिल्यांदा त्याच मागतात.