नाकाच्या दुखण्याचें मोजमाप

पडसें हें सर्वांच्या ओळखीचें दुखणें. तें आठवड्यांत बरें होतें, म्हणून त्याची कोणी फारशी दखल घेत नाहीं. परंतु कपाळ, गाल आणि नाक यांच्या हाडांत ज्या पोकळ्या आहेत, त्यांचें अस्तर सुजून बारा आठवडे वा अधिक काळ त्रास टिकला, म्हणजे त्यास जुनाट सायनसचा विकार म्हणतात. हा विकार बहुधा जीवावर बेतत नाहीं. पण झोंप, वास, चव आणि कामांतील उमेद हळूहळू हिरावून नेतो.

सीटी स्कॅनच्या चित्रांत सूज दिसते, त्रास दिसत नाहीं. सारखीच सूज असलेल्या दोघांपैकीं एक स्वस्थ झोंपतो, तर दुसरा रात्रभर तळमळतो. म्हणून रोग्यासच विचारणें प्राप्त होतें. त्यासाठीं ‘स्नॉट-२२’ नांवाची इंग्रजी प्रश्नावली आहे. अमेरिकेंत सिद्ध झालेल्या २० प्रश्नांत नाक चोंदणें आणि वास-चव मंदावणें हे दोन प्रश्न घालून ती तयार झाली. तिची कसोटी इंग्लंडांतील वैद्यांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केली. गेल्या दोन आठवड्यांतील त्रासास रोग्यानें प्रत्येक प्रश्नीं ० ते ५ गुण द्यावयाचे, एकूण ११०. उपचारानंतर सुमारें ९ गुण उतरले, तर रोग्यास फरक जाणवला असें मानतात.

आतां आपल्याकडे पाहूं. नागपूरजवळ हिंगणा मार्गावर डिगडोहच्या टेकडीवर लता मंगेशकर रुग्णालय आहे. अशा रुग्णालयांत शेतकरी येतात, तसे कारखान्यांतील कामगारही येतात. त्यांच्यापुढें इंग्रजी कागद ठेवून काय उपयोग? आणि तोंडीं अर्थ सांगावा, तर सकाळचा डॉक्टर एक शब्द वापरील, दुपारचा दुसरा. मग गुण रोगाचे नव्हेत, सांगणाराच्या शब्दांचे होतील.

भाषांतर कोशाच्या आधारें करावें, तर तेंही फसतें. कान गच्च झाल्याच्या प्रश्नाचें शब्दशः भाषांतर ‘कान भरले आहेत का’ असें केलें, तर कोणीं चहाडी केली असा अर्थ निघेल! आपण ‘कानांत दडे बसणें’ म्हणतों. शेवटचा प्रश्न त्याहून नाजूक. ‘लाज वाटते का’ असें विचारल्यास रोगी म्हणेल, “मी काय वाईट केलें?” वारंवार नाक शिंकरावें लागल्यानें चारचौघांत संकोच वाटतो का, एवढेंच तेथें विचारावयाचें आहे. उत्तरांच्या पायऱ्याही ‘अगदीं थोडा’, ‘थोडा’, ‘मध्यम’ अशा कानास सहज वेगळ्या वाटाव्यात.

म्हणून रीत अशी : दोघांनीं स्वतंत्रपणें मराठी करावें, दोन्ही मसुदे जुळवावे, मग मूळ न पाहिलेल्या जाणकारानें तें पुन्हां इंग्रजींत न्यावें. जेथें अर्थ सरकला, तेथें शब्द बदलावा. नंतर थोड्या रोग्यांस वाचून दाखवून ‘तुम्हांस काय समजलें’ हें विचारावें.

एवढ्यानेंही काम संपत नाहीं. आम्हां मास्तर मंडळींस ठाऊक आहे कीं, एकच उत्तरपत्रिका पुन्हां तपासतां गुण फार बदलले, तर तपासणी कच्ची. तसेंच प्रकृतींत फरक नसलेल्या रोग्यास कांहीं दिवसांनीं पुन्हां विचारून गुण जवळपास तेच येतात का, हें पाहतात. प्रश्नांचा परस्पर मेळ ० ते १ या आंकड्यांत मोजतात, ०.७ च्या वर असल्यास समाधान मानतात. निरोग्यांचे गुण रोग्यांहून स्पष्ट कमी यावे आणि शस्त्रक्रियेनें आराम पडलेल्यांचे उतरावे, हीही कसोटी असते.

या प्रश्नावलीनें रोगाचें निदान होत नाहीं. त्यास तपासणीच लागते. पण शस्त्रक्रियेचा विचार करतांना आणि तिचें फळ जोखतांना रोग्याच्या शब्दाला वजन येतें तें हिच्यामुळें. तेव्हां असा कागद हातीं आल्यास डॉक्टरांना बरें वाटावें म्हणून गुण कमी करूं नका, आणि लवकर लक्ष द्यावें म्हणून वाढवूंही नका. जें सोसतां, तेंच लिहा.